वडिलांच्या मोतीबिंदूसाठी लेसरच करावं का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७२ वर्षांचे, देवगडला असतात. मुंबईच्या डॉक्टरांनी लेसर सांगितलं, कणकवलीच्या डॉक्टरांनी फेको, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून काढायची पद्धत, आणि लेसरचे जादा पैसे उसने काढावेत का हा प्रश्न आहे. माझं मत, काढू नका. रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. ऑपरेशनला पाठवलेले आणि करून आलेले असे किती तरी डोळे तपासले, त्यावरून सांगतो.

फेम्टोसेकंद लेसर बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, छेद देतं, भिंगाच्या पुढच्या पापुद्र्यात गोल खिडकी कापतं आणि मोतीबिंदूचे तुकडे पाडतं. पुढे ते तुकडे ओढून काढायला फेकोचीच सुई डोळ्यात जाते आणि कृत्रिम भिंग सर्जनच बसवतो. साध्या फेकोत खिडकीसुद्धा सर्जन हाताने करतो, तुकडे अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी होतात. चार्ल्स केलमन यांनी ही पद्धत १९६७ साली आणली. लेसर माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा २००८ साली बुडापेस्टला झोल्टान नागी यांनी वापरलं. लेसरची खिडकी जास्त अचूक गोल येते, हे खरं. पण त्यामुळे माणसाला जास्त चांगलं दिसतं का? फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये शेकडो रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. २०२० साली आलेल्या निकालांत लेसर फेकोपेक्षा सरस ठरलं नाही, खर्च मात्र वाढला.

त्यापेक्षा मोतीबिंदू किती पिकलाय ते विचारा. आपल्याकडे आंब्याचा हंगाम, लावणी, गणपती सगळं उरकल्यावर डोळ्याकडे बघतात. तोवर बाहुली पांढरी तरी पडते, नाहीतर मोतीबिंदू तपकिरी, कडक होतो. पांढऱ्या दाट मोतीबिंदूत लेसरचा किरण नीट आत पोचत नाही. बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, असेल किंवा औषधानेही बाहुली मोठी होत नसेल तरी लेसर अवघड जातं. अशा वेळी एसआयसीएस, म्हणजे सहा-सात मिलिमीटरच्या छेदातून अख्खा गर काढायची बिनटाक्याची पद्धत, अनेकदा जास्त सुरक्षित पडते. शिबिरातलं ऑपरेशन म्हणून लोक तिला हिणवतात, ते मला फार लागतं. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने याच पद्धतीने असंख्य गरिबांना नजर परत दिली. छेद मोठा म्हणून चष्म्याचा तिरका नंबर थोडा जास्त राहू शकतो, एवढा तोटा धरून चला.

भिंगाचा नंबर काढायची मापं, म्हणजे बायोमेट्री, नीट झाली का ते बघा. ती चुकली तर लेसरने सुधारत नाही. डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या, साखर आटोक्यात ठेवा. आणि वडिलांना लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन चालू आहे का? असेल किंवा पूर्वी कधी घेतली असेल तर सर्जनना आधी सांगाच. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो, ऑपरेशन चालू असतानाच बाहुली आकसते, आणि गोळी बंद करूनही हा परिणाम राहू शकतो. साधी चौकशी आहे, पण म्हातारी माणसं डोळ्याच्या डॉक्टरांसमोर लघवीचं बोलत नाहीत. तुम्हीच बोला.

कणकवलीकडे माझा कल आहे त्याचं आणखी एक कारण. ऑपरेशननंतर डोळा लाल होऊन ठणकायला लागला, नजर कमी होत गेली, तर तो संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांपुढे उभं राहावं लागतं. कोकणकन्येने मुंबई गाठेपर्यंत रात्र जाते, डोळा तेवढा थांबेलच असं नाही.

बुबुळाच्या आतल्या पेशी फार कमी उरल्यात, असं काही ठोस कारण मुंबईच्या डॉक्टरांनी दिलं तर जरूर ऐका आणि तेच कागद कणकवलीला दाखवा. आणि तारीख लावणीच्या तोंडावर घेऊ नका. पहिला महिना शेतातलं चिखलपाणी आणि चुलीचा धूर डोळ्याला लागू द्यायचा नाही, ड्रॉप्स वेळच्या वेळी घालायला घरात कुणीतरी हवं.