विषय यादीत आहे, पण तासिका जुळत नाही
वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयाचे वेळापत्रक आणि वर्गखोल्या

शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला या सदराकडे येणाऱ्या पत्रांत प्रवेश आणि शिष्यवृत्ती हे विषय नेहमीच असतात. यंदा मात्र वेळापत्रकाविषयीची पत्रे त्यांच्या बरोबरीने आली आहेत. अनुदानित महाविद्यालयाच्या वेळापत्रक समितीत मी अनेक वर्षे काम केले असल्याने त्यांतील चार पत्रांना येथे सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षात असून तिचा मुख्य विषय अर्थशास्त्र आहे. खुला वैकल्पिक विषय म्हणून तिने विज्ञान शाखेकडून शिकवला जाणारा संख्याशास्त्राचा विषय निवडला होता. तो महाविद्यालयाच्या यादीत होता आणि प्रवेशअर्जातही तिने तो लिहिला होता. तास सुरू झाल्यावर मात्र ‘टाइमटेबलमध्ये क्लॅश होतो, दुसरा विषय घ्या’ असे तिला सांगण्यात आले. मग तो विषय यादीत ठेवलाच कशासाठी? — एक पालक, सातारा

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. यादी तयार करणारे आणि वेळापत्रक लावणारे लोक पुष्कळदा वेगवेगळे असतात, आणि यादी जाहीर होते त्या दिवशी वेळापत्रकाचा कागद कोराच असतो. अडचणीचे मूळ तेथे आहे.

पूर्वी बी.कॉम.ची एक तुकडी सकाळपासून दुपारपर्यंत एकत्रच असे. तुकडीला एक खोली दिली की शिक्षक येत-जात राहत, आणि एकाच शिक्षकाला एकाच वेळी दोन तुकड्यांवर पाठवले जात नाही ना, एवढेच प्रामुख्याने पाहावे लागे. बी.ए.ला विषयांचे गट होते, पण तेही मोजके होते. राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानुसार नवी श्रेयांक (क्रेडिट) रचना आली आणि संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. आता विद्यार्थ्याला मुख्य विषय, गौण विषय, खुला वैकल्पिक, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण असे निरनिराळे विषय घ्यावे लागतात, आणि खुला वैकल्पिक विषय तर स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. समजा, एखाद्या महाविद्यालयात दहा मुख्य विषय आहेत, त्यांतलेच उरलेले नऊ गौण म्हणून घेता येतात आणि खुले वैकल्पिक बारा आहेत. कागदावर १०८० जुळण्या होतात. प्रत्यक्षात त्यांतल्या शंभर-सव्वाशेच विद्यार्थ्यांनी निवडल्या, तरी त्या शंभर-सव्वाशे जुळण्यांतील प्रत्येक विद्यार्थ्याचे कोणतेही दोन तास एका वेळी येता कामा नयेत.

गणितज्ञ हे चित्र ठिपके आणि रेषांनी काढतात. प्रत्येक विषय म्हणजे एक ठिपका, आणि दोन विषय घेतलेला एक जरी विद्यार्थी असला तरी त्या दोन ठिपक्यांमध्ये एक रेषा. रेषेने जोडलेल्या ठिपक्यांना एकच तासिका द्यायची नाही. आपल्या मुलीने संख्याशास्त्र निवडले, तेव्हा तिच्या एकटीच्या निवडीने या चित्रात कदाचित तीन-चार नव्या रेषा ओढल्या गेल्या, आणि त्यांपैकी एक रेषा आधीच एका तासिकेत बसवलेल्या दोन विषयांना जोडणारी निघाली.

यावर बहुतेक महाविद्यालयांनी काढलेला तोडगा म्हणजे सामाईक तासिका. सोमवारी आणि गुरुवारी साडेआठ वाजता सगळ्यांचे खुले वैकल्पिक विषय, म्हणजे तेवढ्या वेळेपुरता क्लॅशचा प्रश्नच राहत नाही. मात्र त्या क्षणी अडचण खोल्यांकडे सरकते. बारा विषय एकाच वेळी शिकवायचे तर बारा खोल्या एकाच वेळी रिकाम्या हव्यात. ज्या इमारतीत कनिष्ठ महाविद्यालयही भरते तेथे हे सोपे नसते. शिवाय एका विषयाला १४० विद्यार्थी असतात आणि दुसऱ्याला अकरा. मोठे सभागृह एकच असते. मग ज्या विषयाला खोली मिळत नाही तो सामाईक तासिकेबाहेर, दुपारी किंवा शनिवारी, जेथे जागा असेल तेथे टाकला जातो आणि तेथे तो भाषेच्या किंवा गौण विषयाच्या तासावर आदळतो. आपल्या मुलीच्या बाबतीत हेच झाले असण्याची शक्यता मला सर्वांत अधिक वाटते.

ज्या महाविद्यालयात तिन्ही शाखा आहेत तेथे एक मार्ग आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही. खुला विषय दुसऱ्या शाखेचाच असल्यामुळे कला शाखेच्या विद्यार्थ्यांची सामाईक तासिका आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची सामाईक तासिका वेगवेगळ्या ठेवता येतात. एका वेळी लागणाऱ्या खोल्या जवळजवळ निम्म्यावर येतात. याची किंमत अशी, की वाणिज्य शाखेचा जो विषय दोघांनाही हवा आहे तो शिक्षकाला दोनदा शिकवावा लागतो. दोन श्रेयांकांचा लेखी विषय म्हणजे सत्रात ३० तास, अर्थात पंधरा आठवड्यांच्या हिशेबाने आठवड्याला दोन तास अधिक. ही किंमत द्यावी, असे माझे मत आहे.

आपण आता काय करावे? प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज करून दोनच गोष्टी विचाराव्यात : नेमक्या कोणत्या दोन तासिका एकमेकींवर येतात, आणि हीच अडचण असलेले विद्यार्थी किती आहेत. अशा विद्यार्थ्यांची संख्या पंधरा-वीस निघाली, तर तासिका हलवण्याला सबळ कारण मिळते. तोंडी तक्रारी मोजल्या जात नाहीत, म्हणून अर्ज लेखीच हवा. तासिका हलवणे शक्य नसेल, तर ‘स्वयम्’ या शासकीय ऑनलाइन व्यासपीठावरील समकक्ष अभ्यासक्रम चालेल का, हेही विचारावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय त्या मार्गाने पूर्ण करता येतात, परंतु महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम आधी मान्य केलेला असावा लागतो.

प्रश्न : यंदा मला वेळापत्रक समितीत घेतले आहे. खोल्या कमी पडतात अशी प्रत्येक विभागाची तक्रार आहे, तरीही मी फेरी मारली की खोल्या अर्ध्याहून अधिक रिकाम्या दिसतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील? आणि हे सगळे सॉफ्टवेअरवर सोपवता येईल का? — एक साहाय्यक प्राध्यापक, लातूर

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. समितीत आल्यावर खोल्या पाहत फिरण्याचे कष्ट आपण घेतलेत, याचा मला आनंद वाटतो.

खोलीचा वापर दोन आकड्यांच्या गुणाकाराने मोजावा. आठवड्याच्या उपलब्ध तासिकांपैकी किती तासिकांना खोली वापरात असते हा पहिला आकडा. वापरात असताना किती टक्के बाके भरलेली असतात हा दुसरा. रोज पाच तासिका आणि सहा दिवस म्हणजे ३० तासिका. त्यांपैकी २४ तासिकांना खोलीत वर्ग भरतो, म्हणजे ८० टक्के. कागदावर ही खोली भरलेलीच आहे. पण १२० जणांच्या त्या खोलीत सरासरी ३६ विद्यार्थी बसत असतील, तर दुसरा आकडा ३० टक्के येतो आणि प्रत्यक्ष वापर २४ टक्केच निघतो. विभागप्रमुख पहिला आकडा सांगत असतात आणि फेरी मारताना आपल्याला दुसरा दिसत असतो.

याचे कारण बहुधा मालकीच्या भावनेत असते. ‘ही आमच्या विभागाची खोली’ हे वाक्य प्रयोगशाळेच्या बाबतीत योग्य आहे, कारण रसायनशास्त्राच्या ओट्यांवर इतिहासाचा वर्ग भरवता येत नाही. साध्या वर्गखोलीला मात्र विभाग नसावा. फळा, पंखे, बाके आणि प्रोजेक्टर एवढ्याच गोष्टी असलेल्या सर्व खोल्या समितीच्या ताब्यात एकत्र आणाव्यात आणि विद्यार्थिसंख्येनुसार द्याव्यात. हे सांगताना विरोध होईल, कपाटे आणि तक्ते कोठे ठेवायचे असे प्रश्न येतील. कपाटांची सोय विभागाच्या स्टाफरूममध्ये आधी करून द्यावी आणि मगच खोली मागावी. क्रम उलटा झाला की चांगली योजनाही पहिल्याच बैठकीत अडते, हे मी स्वतः पाहिले आहे.

एखाद्या तासिकेला खोल्या पुरतील की नाही हे हाताने दहा मिनिटांत तपासता येते. त्या तासिकेचे सर्व वर्ग मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमाने लिहावेत आणि शेजारी खोल्याही त्याच क्रमाने लिहाव्यात. पहिला वर्ग पहिल्या खोलीत, दुसरा दुसऱ्या खोलीत, असे पाहत जावे. कोणत्याही ओळीत वर्ग खोलीपेक्षा मोठा निघाला, तर खोल्यांची कितीही अदलाबदल केली तरी त्या तासिकेला सर्वांना जागा मिळणार नाही. मग खोलीवरचा वाद थांबवून एखादा वर्ग दुसऱ्या तासिकेत हलवणे एवढेच उरते. ही एक तपासणी केल्याने कित्येक भांडणे वाचतात.

विद्यार्थिसंख्या धरताना नोंदणी धरावी की उपस्थिती, हा नाजूक प्रश्न आहे. उपस्थिती पाहून ८० जणांच्या वर्गाला ४० ची खोली देणे मला मान्य नाही; सर्व विद्यार्थी येतील अशी अपेक्षाच आपण सोडून दिली आहे, असा त्याचा अर्थ विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो. सत्राच्या सुरुवातीला नोंदणीच धरावी.

सॉफ्टवेअरविषयी. ‘एफईटी’ हे वेळापत्रक लावण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि मध्यम आकाराच्या महाविद्यालयाला पुरते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वाढलेले ‘युनिटाइम’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मोठ्या विद्यापीठांसाठी आहे. या प्रश्नाचा अभ्यास जुना आहे. वेल्श आणि पॉवेल या गणितज्ञांनी १९६७ साली ठिपक्या-रेषांच्या चित्रासाठी एक साधी रीत सांगितली : ज्या ठिपक्याला सर्वांत जास्त रेषा जोडलेल्या आहेत त्याला आधी तासिका द्यावी. पुढे इव्हन, इताई आणि शमीर यांनी १९७६ च्या शोधनिबंधात दाखवून दिले, की वेळापत्रकाचा प्रश्न बऱ्यापैकी साध्या स्वरूपातही अशा अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतो, ज्यांच्यासाठी प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी रीत आजवर सापडलेली नाही. म्हणून संगणकही बरीच चाचपणी करूनच उत्तर काढतो.

संगणकाला काय सांगायचे, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते. एखाद्या प्राध्यापकाला सकाळी पहिला तास नको असतो. ती अडचण आहे की आवड? घरी आजारी माणूस असेल तर ती अडचण आहे आणि ती पाळलीच पाहिजे. सर्वांच्या आवडीनिवडी ‘अट’ म्हणून भरल्या, तर सॉफ्टवेअर शेवटी ‘उत्तर नाही’ असेच सांगेल. वेल्श आणि पॉवेल यांची रीत हाताने काम करणाऱ्यालाही उपयोगी आहे. सर्वांत अडलेल्याला आधी बसवावे : प्रथम प्रात्यक्षिके, कारण त्यांना सलग तासिका आणि ठरावीक प्रयोगशाळा लागते, मग सामाईक तासिका, मग बाहेरून येणारे शिक्षक, मग मोठे वर्ग, आणि ज्यांना कोठेही बसवता येते असे लहान लेखी वर्ग सर्वांत शेवटी. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास लागतात, लेखी श्रेयांकाच्या दुप्पट, हे विसरल्यामुळे पुष्कळ वेळापत्रके ऑगस्टमध्ये कोलमडतात.

आठवड्यातील दोन-तीन तासिका आणि किमान एक खोली मुद्दाम मोकळी ठेवावी. अंतर्गत परीक्षा, निवडणुकीसाठी इमारत ताब्यात जाणे, अतिवृष्टीची सुट्टी, यांतून बुडालेले तास तेथेच भरून काढता येतात.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवतो. एका ठिकाणी माझा पहिला तास साडेसातला आणि दुसरा साडेअकराला आहे. मधल्या वेळेचे मानधन मिळत नाही आणि दुसऱ्या महाविद्यालयाचे तासही बुडतात. याबाबत काही नियम आहे का? — एक शिक्षक, जळगाव

उत्तर : पूर्णवेळ शिक्षकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम स्पष्ट आहेत. साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते आणि रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध राहावे लागते. आपल्याकडे ४८ मिनिटांच्या २० तासिका असा जो हिशेब चालतो, तो या १६ तासांशी तंतोतंत जुळतो. पूर्णवेळ शिक्षकाच्या दोन तासांमधली मोकळी वेळ त्या पाच तासांत आणि वेतनात धरलेली असते. आपल्याला मानधन केवळ घेतलेल्या तासाचे मिळते, त्यामुळे तीच मोकळी वेळ आपल्या खिशातून जाते. हा फरक समितीने ध्यानात घ्यावा, असे मला मनापासून वाटते. वेळापत्रक पक्के होण्याआधीच दोन्ही महाविद्यालयांना आपले उपलब्ध दिवस लेखी कळवावेत; तास नव्हे, पूर्ण दिवस मागावेत. ‘सोमवार, मंगळवार, बुधवार येथे आणि उरलेले तेथे’ असे सांगितले, तर ते सहज बसते. वेळापत्रक लागल्यावर केलेली विनंती मान्य करायची म्हणजे आणखी चार जणांचे तास हलवावे लागतात.

प्रश्न : माझा भाऊ चाकाची खुर्ची वापरतो. त्याचे बहुतेक वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट नाही. मित्र त्याला उचलून नेतात. ‘एका मुलासाठी सगळा वर्ग खाली आणता येणार नाही’ असे उत्तर मिळाले. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वर्ग खाली आणता येतो आणि आणलाच पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ प्रमाणे शासन-अनुदानित व मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांनी इमारत, परिसर आणि सुविधा दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता येतील अशा केल्या पाहिजेत आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून दिली पाहिजे. लिफ्ट बसवायला निधी आणि वेळ लागेल, पण तळमजल्यावरची खोली देण्यासाठी वेळापत्रकाच्या तक्त्यात दोन नावांची अदलाबदल पुरते. मित्र उचलून नेतात, हा त्यांचा चांगुलपणा आहे. महाविद्यालयाने त्यावर विसंबून राहणे योग्य नाही, आणि जिन्यावर पाय घसरला तर काय, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

अर्जात भावाच्या सर्व विषयांची आणि तुकडीची नोंद करावी, म्हणजे समितीला त्याचे सर्व वर्ग एकाच वेळी तळमजल्यावर घेता येतील. त्याच अर्जात ग्रंथालय, प्रसाधनगृह आणि परीक्षेची बैठकव्यवस्था यांचाही उल्लेख करावा, कारण परीक्षेच्या दिवशी खोल्या नव्याने वाटल्या जातात आणि तेव्हा ही गोष्ट हमखास निसटते. अर्जाची पोच घ्यावी. पंधरा दिवसांत वर्ग खाली आला नाही, तर त्या पोचेसह उच्च शिक्षण विभागीय सहसंचालक कार्यालयाकडे आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी.