ट्रेल कॅमेऱ्यात नुसते गवताचे फोटो येतात, प्राण्याची मात्र शेपटीच दिसते. काय चुकतंय?

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागेत रात्री कोण येऊन जातं ते बघायला तुम्ही ट्रेल कॅमेरा (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) लावलात आणि कार्डावर शेकडो फोटो रिकामे निघाले, असा तुमचा प्रश्न आहे. वर्णनावरून कॅमेरा ठीक वाटतो, चूक जागेची आणि कोनाची असावी.

कॅमेऱ्यातला पीआयआर सेन्सर प्राणी ओळखत नाही. आसपासच्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी समोरून सरकलं, एवढंच त्याला कळतं. उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने डोललं तरी तो फोटो काढणारच. उलट एप्रिल-मेच्या दुपारी हवा ३५ अंशांवर गेली की जनावराच्या अंगाच्या आणि भोवतालच्या उष्णतेत फरकच उरत नाही, मग खरं जनावर समोरून गेलं तरी सुटतं. म्हणून उन्हाळ्यात मी टायमर संध्याकाळी ६ ते सकाळी ७ असा लावतो आणि संवेदनशीलता 'हाय'वर ठेवतो. साळिंदर, उदमांजर, रानडुक्कर, बिबट्या ही मंडळी बागेत बहुतेक रात्रीच फिरतात, त्यामुळे फारसं काही हुकत नाही.

तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करा. पूर्व-पश्चिम ठेवलात तर सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट भिंगात शिरतं. समोरचं ४-५ मीटरपर्यंतचं गवत आणि लोंबत्या फांद्या काढून टाका, पण वाटेचं रूप बदलेल इतकं साफ करू नका. पोफळीला किंवा काजूच्या बारीक खोडाला कॅमेरा बांधू नका. खोड वाऱ्याने हललं की कॅमेऱ्यापुढची अख्खी बागच हलते. आंबा, फणस असं जाड खोड बघा.

आता शेपटीबद्दल. सेन्सर आडव्या हालचालीला चटकन जागा होतो, पण फोटो निघेपर्यंत थोडा वेळ जातो. स्वस्त कॅमेऱ्यात तो अर्ध्या सेकंदापलीकडेही असतो आणि तेवढ्यात जनावर चौकटीबाहेर पडतं. वाटेला काटकोनात न लावता साधारण ४५ अंशांत तिरका लावा, म्हणजे जनावर जास्त वेळ चौकटीत राहतं. सरळ वाटेच्या रोखाने मात्र नको. समोरून चालत येणारं जनावर सेन्सरला उशिरा कळतं. एका वेळी ३ फोटोंचा बर्स्ट ठेवा.

उंची हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. माणसं आपल्या छातीएवढ्या उंचीवर कॅमेरा बांधतात आणि मग सगळी पाठीचीच चित्रं येतात. बिबट्या, डुक्कर, भेकरासाठी जमिनीपासून ४० सेंमी, मुंगूस-उदमांजरासाठी २५-३० पुरे. वाटेपासून अंतर ३ ते ४ मीटर. त्याहून जवळ आलं तर बहुतेक भिंगांचा फोकस धड बसत नाही आणि रात्री इन्फ्रारेडने जनावर पांढरंफटक येतं. अंतर वाढवायला जागाच नसेल तर फ्लॅशची ताकद कमी करा. तशी सोय नसेल तर फ्लॅशच्या एलईडीवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा एक थर लावा. उतारावर कॅमेरा जमिनीच्या उताराला समांतर धरा, नाहीतर तो आभाळाकडे तरी बघतो किंवा पायाशी. बांधून झाल्यावर टेस्ट मोड चालू करून वाटेवरून स्वतः रांगत जा. सेन्सरने तुम्हाला टिपलं की दिवा लागतो, तो कुठे लागतो ते बघून मगच कॅमेरा चालू करा. शेजारी हसतील, हसू देत.

जागा निवडताना कॅमेऱ्याआधी जमीन वाचा. गडग्यातलं (दगडी बांधातलं) खिंडार, वहाळ म्हणजे ओढा ओलांडायची जागा, कुंपणाखालची घसट, गळून पडलेले साळिंदराचे काटे, ठसे, विष्ठा. बागेच्या मधोमध अंदाजाने लावण्यापेक्षा अशा एका खिंडारावर लावलेला कॅमेरा कधीही बरा.

दिवसाचे फोटो छान आणि रात्रीचे काळेकुट्ट येत असतील तर आधी सेलवर संशय घ्या. फ्लॅशला एकदम जास्त करंट लागतो, अर्धवट उतरलेल्या अल्कलाइन सेलना तो झेपत नाही. १.५ व्होल्टचे लिथियम एए महाग पडतात, पण टिकतात. रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचे असल्याने काही मॉडेलांत नवे भरले तरी चार्ज अर्धाच दिसतो. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. कार्ड ३२ जीबीचं पुरतं, ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि तारीख-वेळ तेव्हाच लावा. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवा, रबरी सील पुसून घ्या. मुंग्या आणि कोळ्याची जाळी ही कायमची कटकट. भिंगावरचा एक धागा रात्री फ्लॅशमध्ये पांढरा पट्टा होऊन बसतो.

नवीन घेणार असाल तर मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. ट्रिगरचा वेग (हालचाल झाल्यावर फोटो किती लवकर निघतो) आणि फ्लॅशचा प्रकार बघा. ८५० नॅनोमीटरचा फ्लॅश लांब पोचतो पण लालसर दिसतो. ९४०चा जवळजवळ दिसत नाही, पल्ला मात्र कमी. चोरीची भीती असेल तर ९४०च घ्या, सोबत लोखंडी पेटी आणि केबल-कुलूप.

कॅमेरा आपल्याच जागेत, घर आणि रहदारीच्या वाटा टाळून लावा. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय लावता येत नाही, राखीव जंगलातही आधी वनविभागाला विचारा. मटणाचे तुकडे, मासळी वगैरे आमिष ठेवू नका. बिबट्याला घराजवळ यायची सवय लागते आणि मग त्रास तुम्हालाच. खवले मांजर फोटोत आलंच तर जागेचं नाव न टाकता, फोटोतली जीपीएस माहिती काढूनच पुढे पाठवा. त्याच्या खवल्यांसाठी शिकार होते.