लॅपटॉप आपल्याला हवा तसा कसा करावा? डेस्कटॉपवर साठेक आयकॉन आहेत, घरचे हसतात.

'घरचे हसतात' वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आधी एक सांगा, हवी ती फाइल तुम्हाला सापडते ना? मग हसू देत.

मी मराठी मजकुराचं मुद्रितशोधन करते. माझा डेस्कटॉप परक्याला उकिरडा वाटेल. पण डाव्या कडेला चालू कामं, मधे लेखकाच्या उत्तरासाठी अडलेली आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात काम संपलेली पण पैसे यायची. फाइल डावीकडून उजवीकडे सरकत जाते, पैसे जमा झाले की डेस्कटॉपवरून हलते. नावं वाचावीच लागत नाहीत.

दादा चार दिवस राहायला आला होता. हा माणूस कुणाच्याही घरी गेला तरी भिंतीवरची तिरकी फ्रेम सरळ करतो. मी अंघोळीहून येते तो म्हणाला, "बघ, कसा चकाचक केला तुझा लॅपटॉप!" राइट क्लिक, सॉर्ट बाय, नेम. झालं. सगळी कामं नावाच्या क्रमाने रांगेत उभी. एकही फाइल गेली नव्हती, पण कुणाचे पैसे यायचेत ते गेलं. ती यादी दुसरीकडे कुठे लिहिलेलीच नव्हती.

टास्कबार मी डाव्या कडेला उभा ठेवते. माझी स्क्रीन १३६६ बाय ७६८, म्हणजे रुंदी भरपूर आणि उंचीची मारामार. खालची ४० पिक्सेलची पट्टी मला परवडत नाही. तोही त्याने खाली आणला, कारण "सगळ्यांचा तिथेच असतो". (विंडोज १० मध्ये तो हलवता येतो. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा ही सोय काढलेली होती. त्यावर मला काय वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

पण खरा कहर पुढे. ईमेल लिहायला घेतलं, सवयीने 'नमस्कार' टाइप केलं आणि स्क्रीनवर उमटलं: व्ही सी एम डी के ई जे. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मी वापरते त्या मराठी कीबोर्डमध्ये, न व्हीवर, म सीवर, पाय मोडायला डी. बोटांनी त्यांचं काम चोख केलं होतं, फक्त खालचा कीबोर्डच गायब. दादाचं स्पष्टीकरण: "दोन-दोन कीबोर्ड कशाला? जास्तीचा काढला." माझी रोजीरोटी म्हणजे जास्तीचा! त्यावर आमचं जे भांडण झालं ते आजही अधूनमधून पेटतं. त्याच्या मते मी पसारेवाली. माझ्या मते मोकळी जागा आणि आवरलेली जागा यातला फरक त्याला कळत नाही.

बरं, तुमचा प्रश्न. लाज वाटत असेल तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून व्ह्यूमध्ये 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'ची खूण काढा. सगळं दिसेनासं होतं, जात काहीच नाही. पाहुणे गेले की परत लावा. लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागत असेल तर दोष सहसा आयकॉनचा नसतो. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपमध्ये जाऊन आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा. डाउनलोड्स फोल्डर मात्र आकारानुसार लावून खरंच उपसा. फाइलच्या नावाच्या सुरुवातीलाच तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी घाला, म्हणजे कुणी नावाने रांग लावलीच तरी क्रम टिकतो. हे मी त्या प्रकारानंतर शिकले. दादाला सांगितलेलं नाही.

'एका क्लिकमध्ये लॅपटॉप साफ' म्हणणारी सॉफ्टवेअर घेऊ नका. तेही दादाच असतात.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं: काहीही उडवण्यापूर्वी बॅकअप घ्या, शिफ्ट दाबून डिलीट केलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर यातलं काही करण्याआधी तिथे विचारा. घरी दुसरं कुणी तो वापरत असेल तर त्यांना वेगळं यूजर अकाउंट काढून द्या आणि तुमच्याला पासवर्ड ठेवा. माझा आता आहे. दादाने दोनदा अंदाज लावून पाहिलाय.