हातापायांना मुंग्या येतात, कारण सापडत नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना काय तयारी करावी?

नुसतं ‘मुंग्या येतात’ सांगून भागत नाही. सुरुवात कुठून झाली, दोन्ही पायांना सारखंच होतं की एकाच बाजूला, रात्री वाढतं का, चालताना चप्पल निसटलेली कळते का, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का, हे तारखांसकट एका पानावर लिहा. जाडजूड फाइल चाळायला डॉक्टरांना वेळ नसतो. स्नायू फडफडत असेल तर व्हिडिओ काढा. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी विसरू नका, तिने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात.

एक प्रश्न जरूर विचारा: एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी चाचणी) नॉर्मल आली तरी बारीक नसांचा त्रास असू शकतो का? ती चाचणी जाड नसांचीच असते.

अशक्तपणा भराभर वर चढत असेल किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता इमर्जन्सी गाठा.