इंग्लंडमध्ये रेडिएशनसाठी थांबावं लागतंय, बहिणीला कोल्हापूरला आणावं का?

तुमची बहीण बर्मिंगहॅमला असते, स्तनातली गाठ काढून तीन आठवडे झालेत, केमो लागणार नाही आणि रेडिएशनची तारीख अजून पाच आठवडे लांब आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात रेडिएशनच्या मशीनवर टेक्नॉलॉजिस्ट आहे. तुम्ही दिलेल्या माहितीवरून सांगतो: आणू नका.

हे आठही आठवडे काही रांगेत जात नाहीत. जखम भरून हात डोक्यावर नीट नेता आला पाहिजे, त्याआधी सिटी सिम्युलेशन, म्हणजे रेडिएशनच्या मापासाठी घेतलेला स्कॅनही, करता येत नाही. ते झालं की डोस कुठे द्यायचा हे डॉक्टर आखतात, हृदय आणि फुफ्फुस सांभाळून फिजिसिस्ट (किरणांचा हिशोब करणारे तज्ज्ञ) प्लॅन बसवतात, तो तपासला जातो. पेशंटला हे काम दिसत नाही, म्हणून उगाच थांबवून ठेवलंय असं वाटतं. गाठ काढल्यावर केमो नसेल तर बारा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं, असं साधारणपणे धरतात. तिची तारीख त्यात बसते.

इंग्लंडच्या एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, नियम ३१ दिवसांचा आहे आणि तो ९६ टक्के पेशंटच्या बाबतीत पाळला जावा अशी अपेक्षा असते. ऑपरेशननंतरच्या रेडिएशनसाठी हे दिवस ऑपरेशनपासून मोजत नाहीत. पेशंट उपचाराला तयार होईल अशी जी तारीख डॉक्टर ठरवतात, तिथून मोजतात. बहिणीला तिच्या ब्रेस्ट केअर नर्सला फोन करून ही तारीख कोणती धरली आहे ते विचारायला सांगा. ३१ दिवस उलटत असतील तर कारण विचारावं, आणि कुणी रद्द केलेली वेळ मिळाली तर लगेच येते म्हणून सांगून ठेवावं. तिथे उशीर होतच नाही असं मी म्हणणार नाही. तातडीने पाठवलेल्या पेशंटचा पहिला उपचार ६२ दिवसांत सुरू करायचा, हे ८५ टक्क्यांचं उद्दिष्ट २०१५ नंतर देशपातळीवर गाठलेलं नाही. त्यामुळे पाठपुरावा करायलाच हवा, त्यात संकोच कसला?

इकडे आणलंत तर बायोप्सीचे ब्लॉक, स्लाइड (गाठीचे जपून ठेवलेले नमुने) मागवणं, नवी फाइल, नवं सिम्युलेशन, सगळं पहिल्यापासून. तिथला प्लॅन इथल्या मशीनवर चालत नाही. वाचवलेले आठवडे त्यातच जातील. शिवाय तिथे आता बऱ्याच जणींना एका आठवड्यात, एकूण पाचच वेळा रेडिएशन देतात. फास्ट-फॉरवर्ड नावाच्या ब्रिटिश अभ्यासात चार हजारांहून जास्त पेशंट होते, २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि पाच वेळांचा डोस तीन आठवड्यांच्या उपचाराइतकाच परिणामकारक ठरला. तिला किती वेळा देणार आहेत, तेही विचारा.

थांबणं खरोखर जिवावर येतं ते तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये. आमच्याकडे चंदगड, राधानगरीकडून तंबाखूचे पेशंट येतात. रेडिएशनआधी किडलेले दात काढून हिरड्या भरायलाच दोनेक आठवडे लागतात, वर फुले योजनेची मंजुरी. एवढं करून कुणी मध्येच जोतिबाच्या यात्रेसाठी सुट्टी मागतं तेव्हा मी हात जोडतो. अशा कॅन्सरमध्ये रेडिएशन चार आठवडे लांबलं तर मृत्यूचा धोका सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो, असं २०२० मध्येच बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात दिसलं. त्याच आढाव्यात स्तनाच्या रेडिएशनबाबत तशी वाढ आढळली नव्हती.

बहिणीच्या घरी कुणी मोठं माणूस नसेल तर तिला इकडे आणण्याऐवजी तुमच्यापैकी कुणीतरी तिकडे जा. त्वचा लाल होणं आणि थकवा उपचार संपल्यावर आठ-पंधरा दिवसांत जास्त जाणवतो, तेव्हा सोबत असलेली बरी.