‘रेसिडेन्शियल’ म्हणजे घर देतात असं नाही

तुझा मेल दोनदा वाचला. सांगलीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेस, विष्णुदास भाव्यांच्या नाटकांवरची पीएच.डी. दीड वर्षापूर्वी झाली, आता वर्षभराची फेलोशिप (संशोधनासाठी पैसे आणि जागा देणारी नेमणूक) घेऊन परदेशी जायचंय. ‘ताई, सुरुवात कुठून करू?’ असं विचारलंस. मला साताऱ्याहून एडिंबराला येऊन बरीच वर्षं झाली, पण अर्ज भरतानाचा घोळ अजून आठवतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तारीख बघ. इथल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीज इन द ह्युमॅनिटीज’ची पोस्टडॉक्टरल फेलोशिप साधारण पीएच.डी.नंतरच्या ३ वर्षांत मिळते, जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनची ४ वर्षांत. आपल्याकडे व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख एक, विद्यापीठाच्या नोटिफिकेशनची दुसरी आणि पदवीदानाची तिसरी. त्यातली कुठली धरतात ते त्या त्या संस्थेला मेल करून विचार. अशा मेलला कुणी हसत नाही.

आता फेलोशिपच्या जाहिरातींतला तो ‘रेसिडेन्शियल’ शब्द. त्याचा अर्थ तू तिथं राहून काम करायचं, एवढाच. बर्लिनचं विसेनशाफ्ट्सकोलेग ही संशोधन संस्था; ते फेलोंची राहायची सोय करतं, जेवणंही एकत्र होतात. एडिंबऱ्यात मला मिळाली ती ऑफिसची खोली, घर माझं मी शोधायचं होतं. घरमालकाला डिपॉझिट आधी हवं होतं, आणि स्टायपेंड तर बँकेत खातं उघडल्यावरच येणार. पहिले तीन आठवडे मी आईने बांधून दिलेल्या मेतकूट-भातावर काढले. तेव्हा दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच निघ.

सगळ्यात जास्त वेळ प्रस्तावाला दे. आपण कोल्हापूरला जो सिनॉप्सिस लिहायला शिकलो (उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, प्रकरणांची यादी), तो इथं चालत नाही. माझा पहिला अर्ज तसाच होता आणि तो पहिल्याच चाळणीत गेला. निवड करणाऱ्यांत एखादा ग्रीक शोकांतिकेवर काम करणारा असतो, एखादी मध्ययुगीन चर्चवर. भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्यांनी ते ऐकलेलंही नसतं, आणि ‘मराठीतलं पहिलं नाटक’ एवढ्यावर त्यांचं कुतूहल चाळवत नाही. त्यांना प्रश्न लागतो. तुझ्याच प्रबंधात तो आहे, तू तो चौथ्या प्रकरणात पुरून ठेवलायस: भाव्यांचे आश्रयदाते, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये गेले, राजाश्रय आटला, आणि १८५३ मध्ये भाव्यांची हीच नाटकमंडळी मुंबईत तिकीट लावून खेळ करत होती. दरबाराच्या आश्रयावर चालणारं नाटक तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकासमोर गेलं की त्यात काय बदलतं? हे वाचून ग्रीकवालाही खुर्चीत सरसावून बसेल.

त्याला जोडून ‘इथंच का’ हेही लिही. १८६७ च्या पुस्तक नोंदणीच्या कायद्यानंतर छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघू लागल्या, त्यांतली कितीतरी मराठी पुस्तकं लंडनला इंडिया ऑफिसकडे, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याकडे, गेली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एडिंबऱ्याहून रेल्वेने साडेचार-पाच तास. सांगलीत बसून जे होणार नाही, त्याच्यासाठीच ते पैसे देतात. आणि प्रबंधाचंच पुस्तक करायचंय असं लिहू नकोस. अमेरिकेतलं नॅशनल ह्युमॅनिटीज सेंटर तर अशा कामाला सहसा घेतच नाही. मला स्वतःला ते जरा जाचक वाटतं.

शिफारसपत्रांचं काय होतं ते तुला माहीतच आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असं सर म्हणतात. इथं पत्र थेट सरांकडून जातं, त्यांना लिंक येते. ती स्पॅममध्ये पडते, आणि सर मेल महिन्यातून एकदा उघडतात. शेवटच्या तारखेआधी दहा दिवस त्यांच्या घरी जाऊन शेजारी बस. पत्रात ‘मेहनती व सुस्वभावी विद्यार्थिनी’ एवढंच नको, तुझ्या कामातली एखादी ठोस गोष्ट आली पाहिजे.

व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते निवड झाल्यावर बघ. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर मान्यताप्राप्त क्लिनिकमधून टीबी नसल्याचा दाखला लागतो, त्याला वेळ धर.

खरी अडचण तासिका तत्त्वाचीच आहे. कायम असतीस तर रजा मागितली असतीस. तुझे तास पुढच्या जूनमध्ये दुसऱ्याला जातील, आणि परत आलीस की पुन्हा मुलाखतीच्या रांगेत. फेलोशिप ही नोकरी नव्हे, दहा महिन्यांनी खोलीची किल्ली परत द्यावी लागते. मी राहिले त्याला योग आणि लग्न दोन्ही कारणं, त्यावर हिशेब बांधू नकोस. तसं सातारकरांना परक्या देशातला मुक्काम लांबवायची सवय जुनीच: इंग्रजांनी पदच्युत केलेल्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजी लंडनला आले, ते तेराएक वर्षं राहून १८५३ मध्ये परतले. भाव्यांनी मुंबईत खेळ लावला ते हेच वर्ष, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

घरी हे स्पष्ट सांगून मग अर्ज कर. प्रश्न मांडणारं एक पान दिवाळीच्या आधी मला पाठव. गृहीतकं वगळून.