दोरा खाली गुंततो, चूक मात्र वर असते

शिवणकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मशीन चालू केले की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ होते. वरून शिलाई बरी दिसते. बॉबिन केसचा स्क्रू तीनदा पिळून पाहिला, बॉबिनही बदलली, काही फरक नाही. मशीन दुरुस्तीला द्यावे का?

उत्तर : अजून नको. आधी बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावणे थांबवा, कारण बिघाड तिथे नाही. वर लाल आणि बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) पांढरा दोरा घालून चार बोटे शिवून पाहा. खालची वेटोळी लाल निघतील, म्हणजे गुंता होतोय तो वरच्या दोऱ्याचा. वरच्या दोऱ्याला ताण मिळाला नाही, तर शटलभोवती (बॉबिनपाशी फिरणाऱ्या, टाका बांधणाऱ्या भागाभोवती) फिरून आलेला फास पुरता वर खेचला जात नाही आणि कापडाखाली साचत राहतो. दोष वरचा, पण दिसतो खाली. त्यामुळे बहुतेक जण बॉबिनच्या मागे लागतात.

सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक अगदी साधी आहे : फूट (कापड दाबणारा पाय) खाली असताना दोरा ओवलेला असतो. फूट खाली असले की टेन्शनच्या (वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या) चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरच्या वर राहतो. सगळा दोरा काढून टाका. फूट वर करा, हाताचे चाक फिरवून दोरा ओढणारी दांडी सर्वांत वर आणा आणि पहिल्यापासून पुन्हा ओवा. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचे टोक हाताने ओढून पाहा. फूट वर असताना तो सहज सरकला पाहिजे, फूट खाली केल्यावर जड लागला पाहिजे. दोन्ही वेळा तो सारखाच सैल येत असेल, तर तो चकत्यांच्या बाहेर आहे किंवा चकत्यांमध्ये दोऱ्याची कुसळे अडकली आहेत. फूट वर ठेवून पातळ सुती कापडाची घडी त्यांच्यामधून दोन-तीनदा फिरवली की ती निघतात.

गुंता फक्त शिलाईच्या सुरुवातीला होत असेल आणि पुढे शिलाई स्वच्छ येत असेल, तर कारण वेगळे. तिथे दोऱ्याची मोकळी टोके खाली खेचली जात असतात. दोन्ही दोरे साधारण 10 सेंमी बाहेर काढून फुटाखालून मागे घ्या आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटांनी धरून ठेवा. सुई कापडाच्या अगदी टोकावर नको, काठापासून थोडी आत उतरवा.

आता तो पिळलेला स्क्रू पूर्ववत करायला हवा. बॉबिन भरलेली केस दोऱ्याने लटकती धरा. ती स्वतःहून खाली घसरत गेली तर ताण सैल आहे. हलका झटका दिल्यावर दोन-तीन सेंमी उतरून थांबली तर ठीक. झटका देऊनही हललीच नाही, तर ताण घट्ट आहे. स्क्रू एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाएवढाच फिरवा. (ही तपासणी बाहेर काढता येणाऱ्या धातूच्या केसची. वरून बॉबिन टाकायच्या मशीनला ती लागू नाही.) नंतर वरचे टेन्शन मधल्या आकड्यावर ठेवून पुन्हा दोन रंगांनी शिवा. वरून पांढरे ठिपके दिसू नयेत आणि खालून लाल : दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या दोन थरांमध्ये लपली पाहिजे.

एवढे करूनही टाके सुटत असतील तर सुई बदला. सुईच्या एका बाजूला नेढ्यापर्यंत आलेली लांब खोबण असते. दोरा ओवायचा तो नेहमी खोबणीच्या बाजूने, आणि दांड्याची सपाट बाजू त्याच्या विरुद्ध. सुई सर्वांत खाली जाऊन थोडी वर येते तेव्हा सपाट बाजूकडे दोऱ्याचा फास तयार होतो आणि शटलचे टोक तो पकडते. सुई उलटी बसली किंवा पूर्ण वर सरकवली नाही, तर फास टोकाच्या हाती लागत नाही.

प्रश्न : कुर्त्याचा गोल गळा कापताना मापात असतो, शिवून झाल्यावर पुढे सुटतो. पट्टी नीट लावूनही असे का होते?

उत्तर : गोल गळ्याचा काठ कुठे उभ्या धाग्यावर, कुठे आडव्या, तर मधल्या वळणावर तिरपा कापला जातो. तिरपे कापड रबरासारखे ताणते. कुर्ता उचलला, खांदा जोडताना हाताळला, टाचण्या लावल्या, एवढ्यानेही गळा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर वाढू शकतो. पट्टी त्यानंतर लावता, म्हणजे वाढलेल्या गळ्यालाच ती बसते.

उपाय कापल्या कापल्याच करायचा. खांदे जोडण्याआधी, गळ्याचा भाग टेबलावर सपाट असतानाच, शिलाईमायेच्या (शिलाईबाहेर सोडलेल्या कापडाच्या) आत एकेरी आधाराची शिलाई मारा. शिलाईमाया 1 सेंमी असेल तर ही शिलाई काठापासून 7-8 मिमीवर, टाका 2 मिमीचा. ती एका खांद्याकडून गळ्याच्या मध्यापर्यंत मारा, मग दुसऱ्या खांद्याकडून मध्यापर्यंत. एका दमात अख्खे वळण शिवले तर दुसरी बाजू ताणत नेली जाते. नंतर कागदाचा नमुना गळ्यावर ठेवून पाहा. गळा वाढला असेल तर आधाराच्या शिलाईचा एखादा टाका सुईच्या टोकाने उचलून दोरा किंचित ओढा आणि वाफेच्या इस्त्रीने बसवा.

पट्टी लावल्यावर शिलाईमाया 5-6 मिमीपर्यंत छाटा आणि वळणावर कात्रे द्या. कात्रा शिलाईपासून 2 मिमी अलीकडे थांबला पाहिजे. मग शिलाईमाया पट्टीकडे वळवून फक्त पट्टी आणि माया यांवर, जोडापासून 2 मिमीवर एक शिलाई मारा. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग पट्टी डोकावते म्हणून इस्त्री करत बसतात. ही शिलाई कुर्त्याच्या वरून दिसत नाही, पण पट्टी कायमची आत वळवून ठेवते.

हे सगळे करूनही गळा सुटत असेल, तर दोष नमुन्यातच आहे. कुर्ता घालून गळ्याच्या काठावर जास्तीचे कापड चिमटीत धरा, टाचणी लावा आणि चिमूट किती आहे ते मोजा. तेवढीच घडी कागदी नमुन्यावर गळ्याच्या काठाशी घ्या आणि छातीच्या टक्सच्या (कापड अंगाला बसावे म्हणून शिवलेल्या निमुळत्या चिमटीच्या) टोकाकडे शून्यावर संपवा. कागद सपाट बसायला टक्सची रेष कापून थोडी उघडावी लागते, टक्स तेवढा रुंद होतो. ते बरोबरच आहे. नमुन्यातला असा बदल आधी मांजरपाटावर शिवून पाहावा.

प्रश्न : बाही मुंढ्यापेक्षा (बाही जोडायच्या गोलाईपेक्षा) मोठी भरते. जास्तीची बाजूने कापून टाकली तर चालेल का?

उत्तर : कापू नका. खांद्याच्या गोलाईवर बाही बसावी म्हणून तिचा वरचा घेर मुद्दाम थोडा जास्त ठेवलेला असतो. न ताणणाऱ्या कापडाच्या नेहमीच्या बसत्या बाहीला 2 ते 3 सेंमी फरक योग्य, खांदा उतरत्या सैल कपड्याला जवळजवळ काहीच नको. माप घेताना टेप उभी धरून शिलाईच्या रेषेवर मोजा, काठावर नको. काठ आणि शिलाईची रेष यांच्या लांबीत फरक असतो, आणि अनेकदा ‘मोठी भरते’ ही तक्रार तिथेच मिटते.

बाहीच्या पुढच्या आणि मागच्या खुणांच्या वरच्या भागातच 4 मिमी टाक्याच्या दोन सैल शिलाया मारा, एक काठापासून 5 मिमीवर, दुसरी 8 मिमीवर. दोन्हीचे बॉबिनचे दोरे एकत्र ओढून फरक पसरवा. खांद्याच्या टोकापाशी एक-दीड सेंमी भाग सपाट राहू द्या, बगलेकडे अजिबात चुण्या नकोत. शिवताना बाही खाली, दात्यांच्या बाजूला ठेवा. दाते खालचा थर थोडा जास्त पुढे ढकलतात, म्हणून बाहीचा जास्तीचा भाग आपोआप जिरतो. फरक 4 सेंमीच्या वर असेल तर मात्र बाही आणि मुंढा एकाच मापाच्या नमुन्यातले आहेत का ते तपासा.

प्रश्न : खोली असलेल्या कापडी पिशवीचे माप नेहमी चुकते. तयार पिशवी ठरवल्यापेक्षा अरुंद आणि बुटकी होते. हिशेब कसा करायचा?

उत्तर : खोली रुंदीतूनही जाते आणि उंचीतूनही, आणि हे दोन्हीकडे धरले जात नाही. तयार पिशवी 34 सेंमी रुंद, 36 सेंमी उंच आणि 10 सेंमी खोल हवी असे समजू. शिलाईमाया सगळीकडे 1 सेंमी.

रुंदीला 34 अधिक पूर्ण खोली 10 अधिक दोन बाजूंची माया 2, असे 46 सेंमी. उंचीला 36 अधिक निम्मी खोली 5 अधिक तळ आणि तोंड यांची माया 2, असे 43 सेंमी. असे दोन तुकडे बाहेरचे आणि दोन अस्तराचे.

बाजू आणि तळ शिवून झाल्यावर कोपरा असा धरा की बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर बरोबर येईल आणि कोपऱ्याचा त्रिकोण होईल. दोन्ही शिलायांच्या माया विरुद्ध दिशांना वळवा म्हणजे जाडी वाटली जाते. शिलाईच्या टोकापासून (कापडाच्या टोकापासून नव्हे) 5 सेंमी मोजून आडवी रेष काढा. ती 10 सेंमी भरली पाहिजे, तीच खोली. रेषेवर दोनदा शिवा आणि 1 सेंमी सोडून त्रिकोण छाटा.

कोपऱ्यातले चौकोन आधीच कापून घ्यायचे असतील, तर कापडाच्या काठापासून 5 सेंमीचा चौकोन कापा. चौकोन खोलीच्या निम्मा, हा नियम सगळ्या माया सारख्या असतील तेव्हाच खरा ठरतो. बाजू 1 सेंमीने आणि कोपरा दीडने शिवला की खोली वाढते आणि उंची त्या वाढीच्या निम्म्याने उतरते.

अस्तर बाहेरच्या कापडाएवढेच कापा, पण बाजूंना 1 ऐवजी 1.3 सेंमीने शिवा. आत थोडे लहान असलेले अस्तर घड्या न पडता बसते. उलटवण्यासाठी त्याच्या तळाला 12 ते 15 सेंमी जागा उघडी ठेवा. पट्ट्यांसाठी तयार रुंदीच्या चौपट कापड लागते : 2.5 सेंमीच्या पट्ट्याला 10 सेंमीची पट्टी, दोन्ही काठ मध्याकडे आणि मग पुन्हा दुमड. टोके तोंडाच्या शिलाईत नुसती अडकवली तर वजनाने कापड तिथेच फाटते. ती 4 सेंमी खाली उतरवून, आतून चिकट बकरमचा (ताठ अस्तराच्या कापडाचा) तुकडा लावून, चौकोन आणि आत फुली अशी शिलाई मारा.

प्रश्न : जाड कापडाची पिशवी शिवताना जोडावर मशीन अडते, टाके बारीक होतात आणि कधी सुई मोडते.

उत्तर : फूट जोडाच्या चढणीवर पुढून उचलले जाते आणि मागे रिकामे राहते. तिरके झालेले फूट कापडाला दात्यांवर दाबत नाही, म्हणून कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकावर एक पडतात. पुठ्ठ्याची किंवा त्याच कापडाची घडी जोडाच्या जाडीएवढी करून फुटाच्या मागच्या भागाखाली सरकवा. फूट सपाट झाले की ते पुढे चालते. जोड ओलांडताना पायडल सोडून हाताने चाक फिरवा आणि कापड मागून ओढू नका. ओढल्याने सुई वाकते, सुईखालच्या धातूच्या पट्टीवर आदळते आणि मोडते. सुई 100/16 किंवा 110/18 नंबरची, डेनिमची घ्या. टाका 3 ते 3.5 मिमी. शिवण्याआधी मायेचे थर कमी-जास्त रुंदीत छाटले तर जाडी एकाच रेषेवर साचत नाही. सहा-सात थरांच्या पुढे घरगुती मशीनवर जबरदस्ती करू नये. तिथे रचनाच बदला : पट्टा जोडापासून दोन बोटे बाजूला घ्या.

प्रश्न : टी-शर्टचे कापड शिवताना टाके सुटतात आणि काठ लाटांसारखा होतो.

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत. साध्या टोकदार सुईने विणीचे धागे टोचले जातात आणि कापड सुईबरोबर वर येते, फास तयारच होत नाही. गोल टोकाची जर्सीची सुई, 75/11 किंवा 80/12, लावा. खूप लवचीक कापडाला स्ट्रेच सुई. दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा ताणल्यावर तुटतो. टाका सरळ न ठेवता झिगझॅग 0.5 मिमी रुंद आणि 2.5 मिमी लांब ठेवा.

लाटा येतात त्या फुटाच्या दाबाने. दाब कमी करता येत असेल तर करा, नाहीतर कापडाखाली पातळ कागद धरून शिवा आणि मग फाडून काढा. हाताने कापड ताणून शिवणे ही सर्वांत मोठी चूक. गळ्याची रिब पट्टी मात्र ताणूनच लावायची असते : तिची लांबी गळ्याच्या शिलाईरेषेच्या 80 ते 85 टक्के, अधिक जोडाची माया. पट्टी आणि गळा दोन्हींचे चार समान भाग करून खुणा जुळवा आणि फक्त पट्टी ताणा.

प्रश्न : नवे कापड कापण्याआधी भिजवणे खरेच गरजेचे आहे का?

उत्तर : सुती आणि लिननला हो. तयार कपडा पुढे जसा धुणार, तसेच कापड धुवा. थंड पाण्यात नुसते बुडवून काढले आणि कपडा पुढे गरम पाण्यात गेला तर उपयोग नाही. सुती कापड 3 ते 5 टक्के आटणे नेहमीचे आहे, म्हणजे 110 सेंमी लांबीच्या कुर्त्यात 3 ते साडेपाच सेंमी. अस्तर आणि सुती लेसही भिजवा. बाहेरचे कापड आटले आणि अस्तर आटले नाही, तर दोष शिलाईचा वाटतो. वाळल्यावर उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. आडवे काठ जुळत नसतील तर एक आडवा धागा ओढून त्या रेषेवर कापा. तरीही कापड तिरके दिसले तर दोन समोरासमोरचे कोपरे धरून तिरपे ओढा, मगच नमुना मांडा.